म्हातारीवर उघडणारी वंशावळ

माझा मित्र विशू गेल्याचा फोन आला तेव्हा मी केजच्या माझ्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये सकाळच्या बॅचला बसलो होतो. वहिनी एवढंच म्हणाल्या, "भावजी, ह्ये गेले हो... चहा पिता पिता गेले." मी शटर ओढायला उठलो तर दारात युसूफ वडगावचे दोघे जण उभे. बाजाराला आले होते, बातमी त्यांना माझ्याआधीच कळली होती. त्यातला थोरला चाचरत म्हणाला, "सर, तेवढं डॉक्टरच्या वंशावळीच्या वेबसाइटवर बघता का? आमाला सुतक लागतंय का न्हाई ते." माझ्या डोक्यात सणक गेली. माणूस अजून घरातून हलला नाही आणि ह्यांना सुतकाची पडलीय! मग लक्षात आलं, विशूनं म्हातारपण खर्ची घातलं ते नेमकं ह्याचसाठी. मी कोपऱ्यातला सगळ्यात जुना कॉम्प्युटर लावला, पान उघडलं. काही पिढ्या मागं त्यांचा आणि विशूचा मूळ पुरुष एकच निघाला. "लागतंय," मी म्हणालो. थोरल्यानं डोक्यावरची टोपी काढली, बाकावर बसला आणि रडायला लागला.

विशू, म्हणजे विश्वंभर, सरकारी नोकरीत जनावरांचा डॉक्टर होता. लोक तोंडावर डॉक्टरसाहेब म्हणत आणि माघारी ढोरांचा डॉक्टर. त्याला दुसरंच नाव जास्त आवडायचं. केज-अंबाजोगाईच्या पट्ट्यात असा गोठा नसेल जिथं त्यानं लाळ-खुरकुताची लस टोचली नाही. लस झाली की चहा, आणि चहाबरोबर घरच्या म्हाताऱ्याला प्रश्न: तुमचा आजा कोण, त्याचे भाऊ किती, कोण कुठल्या गावी जाऊन राहिला. "म्हैस घेताना तिची आई किती दूध देत व्हती ते इचारता," तो म्हणायचा, "आन् सोताचा पणजा ठावा न्हाई. कावून?" पूर्वी वंशावळ सांगणारे भाट गावोगाव यायचे, तेही यायचे थांबले होते. लोकांची नड मात्र होतीच. सोयरीक जुळवताना भावकी तपासायची, कुणी वारलं की सुतक कुणाकुणाला ते बघायचं. निवृत्त झाल्यावर विशूनं हे सगळं वेबसाइटवर घालायला घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं, आणि आभारही क्वचितच कुणी मानले. मराठी टायपिंग त्याला मी शिकवलं. इतका वाईट विद्यार्थी मला पुन्हा मिळाला नाही. दोन बोटांनी टाइप करायचा आणि चूक झाली की कीबोर्डला शिव्या घालायचा.

त्याचा नियम एकच होता. नवीन पान तयार झालं की रविवारी ते माझ्या इन्स्टिट्यूटमधल्या त्या जुन्या, जाड पाठीच्या कॉम्प्युटरवर उघडून बघायचं. त्या मशिनाला आम्ही म्हातारी म्हणायचो. "म्हातारीवर उघडलं तरच गावात उघडंल," विशू म्हणायचा. लोक सांगतात, आता सगळ्यांकडं मोबाइल आहे. आहे ना! मोबाइल पोराच्या खिशात आणि पोरगं पुण्यात. मागं राहिलेली माणसं ग्रामपंचायतीच्या नाहीतर शाळेच्या कॉम्प्युटरपुढं जाऊन बसतात, आणि ती मशिनं कुणीतरी टाकून दिलेली, तिथं येऊन पडलेली. म्हणून विशूच्या पानावर चित्र नाही, रंग नाही, हलणारं काही नाही. पांढऱ्यावर काळी ठळक अक्षरं, बापाच्या खाली जरा आत सरकवून लेकरं. काही मशिनांवर मराठीऐवजी नुसते चौकोन दिसतात हे कळल्यावर त्यानं प्रत्येक पानाची दुसरी प्रत इंग्रजी अक्षरांत केली. पुढं वेबसाइटला नवी सुरक्षा लावायची टूम निघाली. जुनी मशिनं तिथं दारातच अडकायला लागली. विशूनं नवं दार बसवलं, पण जुन्या मशिनांसाठी जुनंही उघडं ठेवलं. "आत चोरन्यासारखं हाय काय बे?" मला म्हणाला. "सगळे मेलेलेच तर हायेत."

मग अक्षय आला. विशूचा पुतण्या, पुण्यात कंपनीत, पोरगं मनानं वाईट नाही. त्यानं काकांच्या प्रेमापोटी वेबसाइट नवी करून दिली. मोठं झाड, त्याची हलणारी पानं, पानावर बोट टेकवलं की नाव उलगडायचं, वर तुतारी वाजायची. भावकीतल्या एका लग्नात मंगल कार्यालयात मोठ्या पडद्यावर दाखवली तेव्हा टाळ्या पडल्या. विशूलाही, खोटं कशाला सांगू, भारी वाटलं होतं. त्या रविवारी तो म्हातारीकडं फिरकलाच नाही. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, हे आम्हाला महिन्याभरात कळलं.

वडगावात एका मुलीचा साखरपुडा ठरला होता आणि आदल्या दिवशी लांबच्या एका गावात त्याच आडनावाचा म्हातारा वारला. मुलीचा चुलता खात्री करायला ग्रामपंचायतीत गेला. झाड त्या मशिनावर उघडलंच नाही, नुसता पांढरा पडदा. चुलत्यानं बराच वेळ वाट बघितली आणि घरी येऊन सांगितलं, "काईच दिसत न्हाई. म्हंजी नातं न्हाई." साखरपुडा झाला. दुसऱ्या दिवशी कळलं की म्हातारा सख्ख्या भावकीतला. मुलीच्या आजीनं अंथरूण धरलं. सुतकात कुंकू लावलं, आता हे लग्न नको म्हणून हटून बसली. विशू स्वतः गेला. मी बरोबर होतो. आजीच्या उशाशी खाली बसून म्हणाला, "आजी, चूक माजी हाय. पोरीची न्हाई, देवाची बी न्हाई. मला जे शिव्याशाप द्यायचेत ते द्या आन् लगीन होऊ द्या." आजीनं दिले, चांगले खणखणीत दिले. लग्न पुढं झालं. पण विशूनं त्या दिवशी आजीकडून घरी पोचताच जुनी पानं परत लावली. अक्षयनं फोनवर ऐकवलं, "काका, जग कुठं चाललंय बघा." विशू म्हणाला, "जग जाऊ दे कुटं बी. वडगाव कुटं बसलंय ते तू बघ."

आणि आता विशू नाही म्हटल्यावर शोकसभेत पुन्हा तेच झाड उगवलं. भावकीतल्या पुढाऱ्यांनी ठराव मांडला की डॉक्टरांचं स्मारक म्हणून जुनी वेबसाइट काढून नवी लावावी, वर त्यांचा हार घातलेला फोटो. मी उठलो आणि नाही म्हणालो. हे स्मारक नव्हे, त्याच्या कामावर माती लोटणं आहे, असंही म्हणालो. मला हट्टी म्हणाले, जुनाट म्हणाले. म्हणू देत. पण मी पडलो मित्र, भावकीतला नाही. शेवटचा शब्द वहिनींचा होता. "बगून सांगते," एवढंच म्हणाल्या. त्या दिवसापासून मला धड झोप नाही. त्या हो म्हणाल्या तर विशू दुसऱ्यांदा जाईल आणि मला नुसतं बघत राहावं लागेल, हे मनातून जाईना.

परवा रविवारी वहिनी एस.टी.नं एकट्याच केजला आल्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन राहिलंय, तरी आल्या. विशूनं इतकी वर्षं जे केलं ते त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. "घरी म्हनायचे, तुला कळनार न्हाई त्यातलं," त्या म्हणाल्या आणि पदरानं चष्मा पुसला. मी म्हातारीपुढची खुर्ची दिली. पान उघडलं. मी वाचून दाखवायला वाकलो तर त्यांनी हातानं मला मागं सारलं. पडद्याला नाक लागेल इतक्या जवळ जाऊन, एकेका अक्षरावर बोट ठेवत त्या वाचायला लागल्या. सासऱ्यांचं नाव. विशूचं. त्याच्या नावाशेजारी त्यांचं स्वतःचं आणि पुढं त्यांचं माहेरचं गाव... तिथं बोट बराच वेळ थांबलं.

मग त्यांनी अक्षयला फोन लावायला सांगितला. मी लावून दिला.

"अक्षय, तुजं झाड तू दुसरीकडं लाव बाबा," वहिनी म्हणाल्या. "लई चांगलं आसंल. पन ह्यांच्या पानाला हात लावायचा न्हाई."

पलीकडून तो काहीतरी समजावत राहिला. वहिनींनी ऐकून घेतलं.

"आरं, पन हे मला वाचता येतंय," त्या म्हणाल्या, फोन माझ्या हातात दिला आणि खालच्या ओळीवर बोट ठेवून पुढं वाचायला लागल्या.