चिठ्ठी आमची, रिव्हॉल्व्हर दुसऱ्याचं

आज मी पोलीस ठाण्यातून दुसऱ्याचं रिव्हॉल्व्हर घरी आणलं असतं, म्हणून लिहिते. सासऱ्यांमागे परवाना माझ्या नावावर आहे. भलतंच हत्यार घरात सापडलं तर तो जातो.

निवडणुकीआधी जमा केलेली हत्यारं आज परत मिळत होती, प्रत्येकाला मालकाच्या नावाची चिठ्ठी बांधलेली.

"ताई, चिठ्ठी तुमचीच हाय. सही करा जल्दी," जमादार म्हणाले.

"सही नंतर. आधी घोडा बघा."

आमच्या रिव्हॉल्व्हरच्या घोड्याला, म्हणजे मागच्या हातोडीला, अंगठ्याने ओढायची शेपटी नाही. ते नुसता चाप ओढून चालतं. याला शेपटी होती, मुठीखाली कडीही होती. कंपनी एकच, घडण वेगळी. सासरे दर खंडेनवमीला पूजेआधी हे समजावून सांगत. त्याच पूजेसाठी चिंचेने घासून घासून नंबर मात्र पुसट झालाय.

रांगेत माझ्या पुढे असलेले एक आबा आपलं हत्यार घेऊन घनसावंगीची जीप धरायला निघालेच होते. त्यांनी पिशवी उघडली. "मंग माझी कडी हितं व्हय! मला वाटलं, सायबानं काढून घेतली!"

जमादार हसले, भिंग आणलं. नंबर परवान्यांशी ताडले, चिठ्ठ्यांचीच अदलाबदल झाली होती.

"औंदा खंडेनवमीला सुनेलाबी वळख दाखवतो," आबा म्हणाले.

तुमच्या घरी कोणाकोणाला आपलं हत्यार ओळखता येतं?

आबांना दिलं: शेपटीचा घोडा, मुठीला कडी. मला मिळालं: बिनशेपटीचं, आमचंच.