बारशाआधीची भांडणं

आमच्या पेठेत मुलाला नाव ठेवायला वेळ लागतो. त्या नावाला नावं ठेवायला अजिबात लागत नाही! शनिवार पेठेतल्या एका छोट्या प्रसूतिगृहात मी बरीच वर्षं रिसेप्शनला आहे. घराघरांतली ही चर्चा माझ्या काउंटरसमोरच रंगते, त्यामुळे किस्से मला साठवावे लागत नाहीत. आपोआप साचतात.

*

विश्रांतवाडीचं एक आयटीतलं जोडपं. मुलगा झाला. नवऱ्याने मोबाईलवर शोधून नाव काढलं, 'रिव्यांश'.

आजोबा संस्कृतचे निवृत्त शिक्षक. त्यांनी शांतपणे विचारलं, "अर्थ काय?"

"दिव्य किरणांचा अंश. प्युअर संस्कृत आहे, बाबा!"

"असं का? संस्कृतला कळवलंत का?"

*

एका खोलीत दोन बाळंतिणी, जोशीबाई आणि शेखबाई. दोघींना मुलगे, आणि दोघींनी नाव ठरवलं समीर!

"आमच्यात समीर म्हणजे वारा," जोशी आजी म्हणाल्या.

"हमारे में अरबी है. रात को गप्पें लगानेवाला साथी," शेख आजी म्हणाल्या.

सकाळी राउंडला आमच्या डॉक्टर लिमये मॅडम आल्या. दोन्ही समीरांनी रात्रभर वॉर्ड डोक्यावर घेतला होता. मॅडम म्हणाल्या, "अरबी अर्थ बरोबर आहे."

*

मॅडमचीच एक गोष्ट. आमच्याकडे एक मृदुला सिस्टर होत्या. त्या "जोर लावा!" म्हणाल्या की रस्त्यावरचा रिक्षावालासुद्धा जोर लावायचा. एका पेशंटने त्यांच्या नावाचा अर्थ विचारला.

मॅडम म्हणाल्या, "आईवडिलांची अपेक्षा."

*

कसबा पेठेतल्या एका मुलाची बायको जपानी. मुलगी झाली. सून म्हणाली, "नाव आई. जपानीत आई म्हणजे प्रेम."

आजेसासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. "म्हणजे आता या वयात मी हिला आई म्हणू?"

आजोबा पेपरमधून डोकं न काढता म्हणाले, "म्हण की. उद्यापासून घरात तिचंच चालणार आहे."

*

'नकुशा' हे नाव काउंटरवरून पहिल्यांदा पुकारलं, तेव्हा माझीच जीभ अडखळली. लागोपाठ तिसरी मुलगी झाली म्हणून वडिलांनी ठेवलेलं. नकोशी, एवढाच अर्थ. बाई आता इंजिनिअर, चांगल्या कंपनीत.

न राहवून मी एकदा विचारलंच, "अहो, बदललं का नाहीत?"

"ज्यांनी ठेवलंय, त्यांना हाक मारताना ऐकू दे की!"

तिला मुलगी झाली. नवऱ्याने वॉर्डभर पेढे वाटले. एका काकूंनी शिकवलं, "मुलगी झाली की बर्फी वाटतात हो." त्याने त्यांच्या हातावर आणखी दोन पेढे ठेवले.

संध्याकाळी गावाहून तिचे वडील आले. कुणी न सांगता चपला दाराबाहेर काढल्या. नातीला घ्यायला हात पुढे केले, मग धोतराला पुसले, मग पुन्हा पुढे केले. नकुशाने बाळ त्यांच्या हातात दिलं.

ते म्हणाले, "नाव काय ठेवायचं गं हिचं?"

नकुशाने बाळाचं टोपडं नीट केलं.

"तुम्ही सोडून कुणीही सुचवलं तरी चालेल, आबा."