बाही शिकवायची राहिली

आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे ब्लाउजची कटोरी. कापत होतो मी, बोलत होती ती. टेबलावर कापड अंथरलेलं, वर लोखंडी दांड्याला फोन आडवा टांगलेला, त्याचा डोळा खाली कापडावर. फोनातून शिकणाऱ्या बायकांना फक्त माझे हात दिसायचे आणि तिचा आवाज ऐकू जायचा. मी घाईनं कात्री पुढं सरकवली तशी तिनं माझ्या मनगटावर लाकडी पट्टी मारली.

"थांबा की. गाडी चुकतीय का तुमची? पोरींना बघू द्या."

फोनात कुणीतरी हसलं.

"उद्या बाही," ती फोनाला म्हणाली. "कापड जास्तीचं घेऊन बसा, पहिल्यांदा चुकणारच आहात." मग तिनं फोन बंद केला, मी चिंध्या गोळा केल्या, तिनं खिचडी टाकली. एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी वेणी घालायला बसली, भिंतीला टेकली, ती उठली नाही. डॉक्टर म्हणाला, हृदय. मी म्हणालो, कालपर्यंत चांगलं होतं. तो म्हणाला, असंच असतं.

पंचवटीत आमचं शिलाईचं दुकान. मी निफाडकडच्या खेड्यातला, चौथीपर्यंत शिकलेला. शाळा मी सोडली की शाळेनं मला, ते आता आठवत नाही. टेलरला लोक मास्तर म्हणतात म्हणून मी मास्तर. शिकवणारी ती. दुकानाच्या मागच्या खोलीत तिचा बायकांचा शिवणक्लास चालायचा. मी कापून दाखवायचो. मला बोलता येत नाही असं नाही, पण मी बोललो की समोरची रडते. "हा गळा केलाय का पोत्याचं तोंड," असं एकीला म्हणालो, ती दुसऱ्या दिवसापासून यायची बंद झाली. तेव्हापासून घरात कायदाच झाला. हात माझे, तोंड तिचं.

कोरोनात क्लास बंद पडला तेव्हा निफाडला दिलेल्या आमच्या मुलीनं फोनवरून शिकवायचं काढलं. दांडा तिनंच आणला. बायको चार दिवसांत सगळं शिकली. मी मात्र पहिल्या दिवशी इस्त्रीचा शर्ट आणि टोपी घालून टेबलापाशी उभा.

"तुमचं तोंड कोण बघतंय?" ही म्हणाली. "नखं काढा फक्त."

कोरोना गेला, तरी फोनातला क्लास राहिला, कारण लांबलांबच्या बायका त्यात आल्या होत्या. नाशिकला रोज येणं त्यांना जन्मात जमलं नसतं. ही त्यांना गावाच्या नावानं हाक मारायची. "नांदगाव, दिसतंय का? सुरगाणा, कळलं का, का नुसतीच हां म्हणतीस?"

त्या फोनाची भीती मला तेव्हापासूनच आहे. दुकानात बाई समोर असते. कळलं नाही की तिची कात्री थांबते, मान वाकडी होते, आपण पुन्हा दाखवतो. फोनात नुसते काळे चौकोन. चौकोनात बाई आहे का चुलीपाशी गेली, काय कळणार? विहिरीत तोंड घालून बोलल्यासारखं वाटतं. ही त्यात कशी बोलायची देव जाणे. तिला मात्र त्या चौकोनांतून आवाज यायचे.

ती गेल्यावर मुलीनं क्लासच्या ग्रुपवर एवढंच टाकलं, की घरगुती अडचणीमुळे क्लास काही दिवस बंद. आई गेली असं लिहू नको, हे मीच तिला बजावलं होतं. लोक हात जोडलेली चित्रं पाठवतात, मग खाली कुणाचा तरी वाढदिवस येतो. म्हणलं, मी तोंडानं सांगेन.

तेरावं झालं. निघायच्या आदल्या दिवशी मुलीनं विचारलं, "आण्णा, क्लास कायमचा बंद म्हणून कळवू का?"

"बाही राहिलीय," मी म्हणालो.

"तुम्ही शिकवणार? बोलून?"

बायको गेली ते माझ्या हातात नव्हतं. क्लास मेला तर तो मात्र माझ्यामुळं मेला असता. आणि जगवायचा तर मला बोलावं लागणार होतं.

मुलीनं आईचा फोन हातात धरून सगळं दाखवलं. इथं दाबलं की क्लास उघडतो, इथं दाबलं की आवाज चालू, हे लाल दाबायचं नाही. तुम्ही गोंधळाल म्हणून बायकांचे आवाज बंद ठेवलेत. ती चहा टाकायला उठली तेवढ्यात मी गुळगुळीत कापडावर चालतो तो मेणाचा खडू घेतला आणि फोनच्या काचेवर खुणा करून ठेवल्या. आवाजाला फुली, लालला गोल. आयुष्यभर हेच केलंय. खूण केली की कात्री चुकत नाही. तिला दाखवलं नाही, हसली असती.

तीनला क्लास आहे असं ग्रुपवर टाकून ती निफाडला गेली आणि दुपारी तीनला मी क्लास उघडला. उघडला खरा. फोन दांड्याला आडवा टांगला, फुलीवर बोट दाबलं. काळे चौकोन एकेक करून आले. मी हात टेबलावर दाबून धरले. मग सांगायला लागलो.

तुमची मॅडम गेली म्हणालो. वेणी घालता घालता गेली. फणी हातातच होती. मी आतून दोनदा विचारलं, चहा ठेवू का, आणि उत्तर नाही म्हणून चिडलो, तेही सांगितलं. मुलीपुढं बोललो नव्हतो, भावापुढं बोललो नव्हतो, ते त्या चौकोनांपुढं बोललो. कुणी मधे बोललं नाही. काचेच्या खालच्या बाजूनं इंग्रजी अक्षरं वर सरकत होती. मला ती वाचता येत नाहीत. वाटलं, बायका दुःख कळवताहेत. मी हात जोडले. मग सगळे चौकोन एकामागून एक गेले.

खुर्चीवर बसलो तोच माझा बटणांचा फोन वाजला. नांदगावची बाई.

"काका, आवाज नाय आला काहीच. आम्ही सगळ्यांनी लिहिलं, आवाज येत नाय, आवाज येत नाय. तुमचं लक्षच नाय."

मी टांगलेल्या फोनाकडं बघितलं. फोन आडवा केल्यावर आतली बटणं दुसरीकडं गेली होती. माझी फुली एका बाजूला, मोकळ्या जागेवर. कापड फिरवलं तर खूण कापडाबरोबर फिरते. फोन फिरवला तर बटण खूण सोडून जातं, हे मला कोण सांगणार?

"नुसते हात दिसत व्हते," ती म्हणाली. "लय वेळ. शेवटी तुम्ही हात जोडले, आम्हाला वाटलं क्लास संपला. मॅडमला बरं नाय का?"

मला ते सगळं पुन्हा उचलून आणायचं होतं. आलं नाही.

"हां," मी म्हणालो. "बरं नाही."

"ताप हाय का?"

"हां."

"मग झोपू द्या त्यांना. बऱ्या झाल्या का बाही घेऊ. राग नका मानू काका, पण मॅडम बोलल्याशिवाय तुमचं काही कळायचं नाय आम्हाला."

फोन ठेवला आणि तेव्हा खरी भीती वाटली. आता नांदगावात माझ्या बायकोला ताप होता. दिवेलागणीला तिच्या फोनवर आवाजाचे निरोप यायला लागले. कुणी म्हणे गवती चहाचा काढा द्या, कुणी म्हणे डोक्यावर ओल्या फडक्याची घडी ठेवा. सुरगाण्याची म्हणाली, "मॅडम, आमच्या रानातला मध धाडते उद्या एसटीनं. काकांना स्टँडवर पाठवा." एकीचं लेकरू मागून म्हणालं, मॅडम लवकर बरे व्हा.

मी सगळे ऐकले. दुसऱ्यांदाही ऐकले. मग काय झालं, मी उठलो आणि आतल्या खोलीत डोकावलो. खरंच डोकावलो. अंथरूण भिंतीला गुंडाळून उभं होतं. मी हे चालवू शकलो असतो. ताप उतरत नाही म्हणायचं. माहेरी गेलीय म्हणायचं. त्या बायकांपाशी ती कितीही दिवस जिवंत राहिली असती, फक्त क्लास घ्यायचा नाही एवढंच. मला माझीच भीती वाटली. दिवा तसाच ठेवून दुकानात येऊन बसलो.

सकाळी दूध तापवलं, चहा केला, प्यायलो नाही. बटणांच्या फोनवरून नांदगावला लावला. पलीकडं शिलाई मशिन चालू होतं.

"ताप नव्हता," मी म्हणालो. "मॅडम वारली. तेरावंसुद्धा झालं. काल तेच सांगत होतो."

मशिन थांबलं. मग नाक ओढल्याचा आवाज आला.

"मंग मला काल ताप का म्हणाले?"

"भ्यालो."

"कुणाला, मला?"

"तुला नाही. पुन्हा सांगायला."

मग म्हणाली, "बाही कोण शिकवणार?"

"मीच. दुसरं कोण आहे? बगलेपाशी पुढचा मुंढा खोल, मागचा कमी, एवढंच सांगेन. गोड बोलणार नाही."

"गोड नका बोलू. आवाज तेवढा येऊ द्या. तीनला क्लास लावा. नाय आला तर मी ह्या फोनवर वाजवीन, तोवर कापू नका."

"बरं. आणि त्या सुरगाण्याच्या बाईला तेवढं सांग, मध पाठवू नको म्हणावं."

"ते नाय सांगणार मी," ती म्हणाली. "ते तुम्हीच सांगायचं, काका."

बायकोच्या फोनात सुरगाण्याचा नंबर शोधायला मला वेळ लागला. सापडला. आकडे बघून बघून तो बटणांच्या फोनवर दाबला. एक चुकला, खोडला, पुन्हा दाबला. पलीकडं घंटी वाजायला लागली.