आईच्या झाडांची नावं

मंडळी, आज सकाळी आमच्या कुकटपल्लीच्या घरी बाग आखून देणारी डिझायनर आली होती. घरापुढची जागा छोटीच, पण तिने टॅबवर इतकी देखणी बाग दाखवली की आमचे हे लगेच म्हणाले, "पक्कं करून टाक."

मग तिने विचारलं, "मॅडम, कौनसे प्लांट्स होना आपको?"

मी पटकन बोलून गेले, "सरोजा अक्कांचा मोगरा, फातिमा आपांची मेंदी आणि कांबळेबाईंची अंबाडी."

ती गोंधळली. "ये कौनसी व्हरायटी है?"

व्हरायटी कसली डोंबलाची! हिमायतनगरला आईच्या अंगणात एकही झाड विकतचं नव्हतं. शेजारणींकडे फांदी नाहीतर बी मागायचं आणि झाडाला देणारीचं नाव ठेवायचं, ही तिची रीत. आई गेल्यावर ते घर सोडताना मी तिचं कपाट आणलं, पितळी डबे आणले. फांदी एकही आणली नाही.

डिझायनरला मी नको म्हटलं नाही. फक्त दारापाशीचा कोपरा माझ्यासाठी मोकळा ठेवायला सांगितला.

आता तुमच्याकडेच मागते. कुणी मोगऱ्याची एक फांदी द्याल का? सोबत तुमचं नाव तेवढं नक्की सांगा.