पाळकानं मधेच मिटलेलं पुस्तक

बायांनो, आज चांदा गावच्या चर्चातल्या प्रार्थनेतनं किळस घेऊन आले.

पाळक बायबलातलं प्रकटीकरणाचं पुस्तक शिकवत व्हता. येशूचे केस लोकरीवानी पांढरे, डोळे जाळासारखे, तोंडातनं तलवार. त्याचा शिष्य योहान हे बघून मेल्यागत पायाशी पडला. तितंच पाळकानं पुस्तक मिटलं. "बाकीचं पुढच्या रविवारी."

शेजारी बसलेल्या हिरानं माझा पदर धरला. उद्या तिचं ऑपरेशन हाय. "मावशे, मी बी अशीच पडनार का गं?"

मी पाळकाला म्हनलं, "पुढची ओळ वाचा की."

"आजी, उत्सुकता राहिली की लोक परत येतात."

थू. दुसरी शिकलेली मी, बोट ठेवून मीच वाचलं. येशूनं उजवा हात योहानावर ठेवला, भिऊ नको म्हनला.

हिरानं डोळे पुसले.

भ्यालेल्या बाईला तशीच घरी धाडायची, ह्याला तुमी शिकवन म्हनता का?