शेपूटवाली

आमची वहिनी काय काम करते, हे लोकांना सांगताना माझी दरवेळी तारांबळ उडते. पवनचक्कीचं पातं ज्या लांबलचक ट्रेलरवरून जातं, त्याला पुढे ड्रायव्हर असतो, हे सगळ्यांना दिसतं. पण त्या ट्रेलरची मागची चाकं वेगळी वळवावी लागतात, आणि ती वळवणारं माणूस गळ्यात रिमोटची पेटी अडकवून मागून पायी चालत असतं, हे कुणाच्या गावीही नसतं. ते माणूस म्हणजे आमची वहिनी. बरोबरची माणसं तिला कौतुकानं 'शेपूटवाली' म्हणतात.

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे नाव अजिबात खपत नसे. आबा मुरलेले गवंडी. उभ्या आयुष्यात आपली एक भिंत वाकडी गेली नाही, हा त्यांचा तोरा. सून काय करते असं कुणी विचारलं, की "कंपनीत असते" एवढं पुटपुटून विषय बदलायचे. वहिनीला ते लागायचं. मला कळायचं, कारण त्या दिवशी स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच वाजायची.

लग्न होऊन आली तेव्हा ती शाळेची बस चालवायची. समोरच्या टेकडीवर पहिल्या पवनचक्क्या आल्या, तेव्हा रिकामी बस कडेला लावून ती ते ट्रेलर बघत बसली. दुसऱ्या दिवशी सरळ कंपनीच्या आवारात गेली आणि हे शिकायला काय लागतं, असं विचारून मोकळी झाली. तिथल्या लोकांनी आधी हसून घेतलं, मग शिकवलं.

यंदा कंपनीनं मोठा विस्तार काढला. टेकडीमागची सगळी डोंगररांग पवनचक्क्यांनी भरायची, आणि चक्क्याही आधीच्यापेक्षा मोठ्या. त्यांची पाती इतकी लांब, की जुन्या रस्त्यानं ती जाईनात. नवा रस्ता ठरला तो आमच्या चौकातून. चौकातलं वळण नेमकं आमच्या घराच्या कोपऱ्यावर. तिथे ट्रेलर वळला की मागे बाहेर आलेलं पात्याचं टोक आमच्या कुंपणाच्या भिंतीवरून, अंगणावरून फिरणार. आणि ती भिंत आबांनी स्वतःच्या हातानं बांधलेली, गरजेपेक्षा चांगली उंच.

अशा ठिकाणी कंपनी भिंत पाडते आणि काम झालं की बांधून देते. ट्रेलर नेणाऱ्या ताफ्याचा प्रमुख तेच विचारायला येणार होता. वहिनीनं त्याला वाटेतच थोपवलं. सासऱ्यांची भिंत आहे, तिला हात लावायचा नाही, मी पातं वरून काढते, असं तिनं छातीठोक सांगितलं. प्रमुख कबूल झाला, पण एका अटीवर. पहिलं पातं अडलं, तर उरलेल्या सगळ्या पात्यांना तो दुसरा माणूस आणणार.

झालं, आमच्या घरात उत्साहाला नुसता ऊत आला. माझं सायकलचं दुकान आहे. मी सरावासाठी हातगाडीच्या मागे सायकलची चाकं आणि हँडल जोडून दिलं, वर एक लांब शिडी बांधली. माझा मोठा भाऊ, आमचा दादा, ती पुढून ओढायचा, वहिनी मागून वळवायची, आणि मी भिंतीवर बसून उगाचच सूचना द्यायचो. रोज सकाळी चौकात आमची ही वरात. लोक हसायचे, पण थांबून बघायचेसुद्धा. आबा तेवढे खिडकीकडे पाठ करून बसत.

पहिलं पातं आलं ते ऊन नुकतंच चढू लागलेलं असताना. मी दुकान उघडलंच नाही. गच्च्या माणसांनी भरल्या होत्या. रस्त्याच्या टोकाला ते पांढरंशुभ्र धूड दिसलं आणि माझ्या अंगावर काटा आला. येतच राहिलं, येतच राहिलं, संपेचना. सगळ्यात मागे इवलीशी आमची वहिनी. मला इतका आनंद झाला, की शेजारच्या केस कापणाऱ्याला मी कडकडून मिठी मारली.

ट्रेलर वळू लागला. मागची चाकं अगदी शिडीच्या गाडीसारखी सुरेख फिरली. टोक भिंतीकडे सरकलं, आणि वहिनीनं एकदम सगळं थांबवलं. टोक भिंतीच्या माथ्यापेक्षा खाली आलं होतं. शिडी ताठ असते, नवं पातं टोकाशी लवतं, आणि चालताना वरखाली झुलतं. डावं-उजवं आम्ही घोटून घोटून पाठ केलं होतं. वर-खाली कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

प्रमुख धावत आला. भिंत पाडायला यंत्र मागवतो म्हणाला, आणि पेटीसाठी हात पुढे केला.

"भिंत पाडायची नाही," वहिनी म्हणाली. "मी मागे घेते, परत वळवते."

"परत तेच होणार. पेटी द्या."

तिनं दोन्ही हातांनी पेटी घट्ट धरली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

तेवढ्यात दार उघडून आबा बाहेर आले. हातात छिन्नी आणि हातोडा. आता तमाशा होणार, असं वाटून मी पुढे झालो, तर त्यांनी मलाच बाजूला सारलं आणि स्टुलावर चढले. भिंतीच्या माथ्यावरून एकदा हात फिरवला.

"वरचे थर काढले तर जाईल का गं?" त्यांनी विचारलं.

वहिनीनं होकारार्थी मान हलवली.

"मग मी काढतो. तू तुझं शेपूट सांभाळ."

त्यांनी छिन्नी लावली. विटा काही केल्या सुटेनात. "कुठल्या मेल्यानं इतकं पक्कं बांधलंय," असं स्वतःवरच करवादत ते घाव घालत होते, आणि दादा आणि मी विटा झेलत होतो. सगळा चौक हसत होता. वहिनी रडत होती आणि हसतही होती.

मग ते टोक आबांच्या भिंतीवरून अलगद, वीतभर अंतर राखून निघून गेलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. वहिनीनं मागे वळूनही पाहिलं नाही. पुढे दुसरं वळण होतं.

तिच्या हातून सगळी पाती गेली. डोंगररांगेवर चक्क्या फिरू लागल्या. विटा अंगणात तशाच रचून ठेवल्या आहेत, पण आबा भिंत परत बांधायचं नाव काढत नाहीत. आता खुर्चीत बसल्या बसल्या त्यांना भिंतीवरून डोंगर दिसतो. जाणारा-येणारा विचारतो, गवंड्याच्या घरची भिंत अशी अर्धवट का?

"सुनेचं पातं जायचं होतं," आबा सांगतात. "शेपूटवाली आहे ती." मग मागची चाकं कशी वळतात, ते हातवारे करून, माझ्यापेक्षा कितीतरी छान समजावतात. तेवढा वेळ स्वयंपाकघरातली भांडी अगदी गप्प असतात.