एकवाले साहेब

चहा चांगला झालाय का, असं एकवाले साहेबांना कोणी विचारलं, की ते कप खाली ठेवून उलट विचारत, “कोणाच्या मानाने?” ही थट्टा नव्हती. ते कळल्याशिवाय त्यांना खरोखरच उत्तर देता येत नसे. आखाडा बाळापूरच्या फाट्यावर तेव्हा चहाच्या दोन टपऱ्या होत्या. पहिल्याच दिवशी साहेबांनी दोन्हीकडचा चहा मागवला, आलटून पालटून घोट घेतले आणि डावीकडचा बरा म्हणून निकाल देऊन टाकला. उजवीकडचा टपरीवाला त्यानंतर बरेच दिवस माझ्याशी धड बोलत नव्हता, जणू चहा मीच नापास केला होता.

हिंगोली जिल्हा परभणीतून नुकताच वेगळा झाला होता, त्या सुमाराची ही गोष्ट. मी एका खासगी कंपनीच्या बाळापूरच्या गोदामावर गोदामपाल होतो. शेतकऱ्यांची आणि व्यापाऱ्यांची हळद, सोयाबीन, हरभरा आमच्याकडे पोत्यांनी येऊन पडायचा आणि भाव आला की उचलला जायचा. वसमत, कळमनुरी, हिंगोली अशी कंपनीची आसपास आणखी गोदामं होती. त्यातलं कुठलं नीट चालतं आणि कुठलं नुसतंच बसून खातं, हे शोधायला वरच्या कचेरीनं या साहेबांना धाडलं. संख्याशास्त्र शिकलेला माणूस. सडपातळ, अंगाला मोठा होणारा शर्ट, आणि आवाज देवळात बोलल्यासारखा हळू. या माणसाच्या हातून कुणाचं काही वाईट होईल, असं त्यांच्याकडे पाहून कुणालाही वाटलं नसतं. मलाही वाटलं नाही.

आमच्या हमालांचा मुकादम होता धोंडबा. घर मेंढ्या-शेळ्या राखणाऱ्यांचं; हा एकटाच पोती उचलायला फाट्यावर आला आणि रमला. त्यानं साहेबांना पहिल्याच भेटीत अडवलं. “सायेब, गोदामाला गुण देता म्हने तुमी. गोदाम काय साळंत जाऊन राहिलं व्हय?” साहेब मनापासून हसले. एकावर एक रचलेल्या पोत्यांच्या उंच थप्पीला पाठ टेकून ते खाली बसले आणि म्हणाले, “असं समजा, दोन घरांत शेळ्या आहेत. एका घरात चारा कमी लागतो, राखायला माणूस कमी लागतो, तरी दूध जास्त निघतं. मग दुसऱ्या घराला मी विचारणार, त्यांना जमतं ते तुम्हाला का जमू नये? ज्याच्याहून सरस कोणी सापडत नाही, त्याला एक. बाकीचे त्याच्या मानाने पाऊण, अर्धे, जे असतील ते.” गोदामाच्या बाबतीत चारा म्हणजे जागा, माणसं, वीज, खर्च, आणि दूध म्हणजे साठवलेली आणि हलवलेली पोती. धोंडबाला ते चटकन उमगलं. त्या दिवसापासून हमाल त्यांना एकवाले साहेब म्हणू लागले.

साहेबांना आपल्या पद्धतीचा अभिमान होता तो ती न्यायी आहे म्हणून. “मी सगळ्यांना एका तागडीत तोलत नाही,” ते सांगायचे. “ज्या गोदामाचं जे चांगलं असेल त्याला जास्त वजन, जे कमी असेल त्याला थोडं, हवं तर काहीच नाही. प्रत्येकाला त्याच्या सोयीची तागडी देतो. तरीही जो हलका भरला, त्याला तक्रार करायला जागा उरत नाही.” भारनियमनात हिंगोलीच्या कचेरीतला संगणक बंद पडला की ते पायरीवर बसून वीज येण्याची वाट बघत आणि मला हे समजावत. मला ते फार पटायचं. माझ्या अख्ख्या नोकरीत वरच्या माणसानं आमची बाजू धरून विचार केलेला मी तो पहिलाच पाहिला होता. या माणसावर माझा जीव जडला, तो तिथंच.

निकाल लागला तेव्हा वसमतला एक मिळाला होता आणि आम्ही सगळ्यांत तळाला. कारण साधं होतं. बाळापूरला दोन थप्प्यांच्या मधे गल्ली सोडायची जुनी रीत होती. पाठीवर पोतं घेतलेला गडी आत बिनधोक वळला पाहिजे, एवढी रुंद. कागदावर ती गल्ली म्हणजे वाया घालवलेली जागा. आमच्यापुढे शेरा होता, वसमतचा कित्ता गिरवावा. पाठोपाठ वरून निरोप आला की पुढच्या हंगामात आकडा सुधारला नाही तर बाळापूर बंद. धोंडबा आणि त्याच्या टोळीची चूल त्या एका गोदामावर पेटत होती, त्यामुळे हा निरोप काय होता हे मला कुणी समजावून सांगायला नको होतं.

निकालानंतर पहिल्या आलेल्याच्या दारी जायचं, ही साहेबांची आणखी एक सवय. “शिकायला जातो,” म्हणायचे. मीही सोबत गेलो. वसमतच्या गोदामपालानं पेढे दिले आणि ऐटीत आत नेलं. आत गल्ली नव्हतीच. पोती पार छताचे पत्रे पेलणाऱ्या लोखंडी कैचीपर्यंत चढलेली. दोन थप्प्या वर जाता जाता एकमेकींकडे कललेल्या, आणि मधल्या फटीतून पलीकडचा उजेड दोऱ्याएवढा दिसत होता. कुणी हात लावलेला नसताना खालच्या एका पोत्यातून सोयाबीन सरसर गळत होतं. साहेब तो आवाज ऐकत उभे राहिले.

“ही थप्पी कधीपासून झुकली आहे?” त्यांनी विचारलं.

“झुकली न्हाई साहेब, टेकली,” गोदामपाल हसत म्हणाला. “दोघी एकमेकीला धरून उभ्या हायेत. काई तकलीफ न्हाई.”

“आणि शेजारची उचलाल त्या दिवशी?”

“तवाचं तवा बघू की.” तिथले हमालही हसले. साहेबांनी पेढा रुमालात गुंडाळून खिशात टाकला. 

त्या दिवसानंतर ते थप्पीला पाठ टेकून कधी बसले नाहीत. बाळापूरला आले तरी दाराशी खुर्ची घेत, उजेडात, आणि मान वळवून वळवून आत बघत राहत. वसमतचा आकडा तुलनेतून काढा, असं त्यांनी वर कळवलं. “एक जण चुकीच्या जागी पुढे उभा राहिला, की सगळ्यांची रेघ त्याच्यावरून ओढली जाते,” असं ते मला म्हणाले. वरच्यांना ते मानवलं नाही. वसमत म्हणजे त्यांच्या टोपीतला तुरा. मग साहेबांनी अपघातांचा एक रकाना वाढवा म्हणून धोशा लावला. स्वतः जाऊन भेटले. परत आले ते चेहरा पाडून. “ते म्हणाले, अपघात कुठे झालाय? सगळ्यांचा रकाना शून्य. सगळीकडे शून्य असेल तर तुलनेत फरक तो काय पडणार? आणि त्यांचं बरोबर आहे हो. गणितानं त्यांचंच बरोबर आहे.” हे सांगताना साहेबांचा हळू आवाज आणखी हळू झाला होता. मला त्या दिवशी पहिल्यांदा भीती वाटली.

पण खरी अडचण वरच्यांची नव्हती. ती आमच्या घरातच निघाली. वसमतच्या टोळीला एक मिळाला आणि आपल्याला नाही, हे धोंडबाच्या जिव्हारी लागलं होतं. बाजारच्या दिवशी वसमतचे हमाल भेटले की चिडवायचे, अर्धे आले, अर्धे आले. एका सकाळी मी गोदामावर पोचलो तर धोंडबाच्या टोळीनं गल्ली भरायला घेतली होती. साहेब नेमके त्याच दिवशी आले. ते धावतच आत गेले, आणि त्या गल्लीत त्यांना मी पहिल्यांदा मोठ्यानं बोलताना ऐकलं.

“धोंडबा, गल्ली बुजवू नका. मी हात जोडतो.”

“मंग एक कसा यील सायेब? आमी बी बराबर काम करून राहिलो. त्याह्यला एक, अन् आमाला काहून न्हाई?”

“नाही आला तरी चालेल.”

“तुमाला चालंल,” धोंडबा म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. “गोदाम बंद झालं तर आमी कुठं जावं?” साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. गोदाम माझ्या ताब्यात होतं. मी पोती बाहेर काढायला लावली आणि गल्ली मोकळी केली. त्या निर्णयाचा मला आजही पस्तावा नाही, हे मुद्दाम सांगतो; कारण पुढचं ऐकून लोक मला तेच विचारतात.

पुढच्या हंगामात आकडा जिथल्या तिथं राहिला आणि बाळापूर बंद झालं. मला कळमनुरीला पाठवलं. आमचा माल उचलून वसमतला नेला आणि मालामागं माणसंही गेली, कारण काम आता तिथंच होतं. धोंडबाची टोळी रोज सकाळी टेम्पोनं वसमतला जाऊ लागली. हे कळल्यावर साहेब कळमनुरीला माझ्याकडे आले. दाराशी खुर्ची ओढून बसले. मग म्हणाले, “चांगल्या गोदामातली माणसं मी उचलून त्या थप्पीखाली नेऊन उभी केली.” मी म्हटलं, साहेब, असं मनाला लावून घेऊ नका.  ते उठून थेट वसमतला गेले आणि तिथल्या गोदामपालाकडून कबूल करून घेतलं की त्या दोन थप्प्या उचलताना दोन्ही वरून, सारख्या सारख्या उतरवायच्या. एक ठेवून दुसरी काढायची नाही. तो हो म्हणाला. अशा लोकांना हो म्हणायला कधीच जड जात नाही.

सोयाबीनला भाव आला तेव्हा वसमतला ट्रकांची रांग लागली. एका व्यापाऱ्याचा माल एका थप्पीत, दुसऱ्याचा दुसरीत. पहिल्या व्यापाऱ्याचे ट्रक उभे, ड्रायव्हर शिव्या देतायत, आणि दुसऱ्याच्या मालाला हात लावायचा हुकूम नाही. एकच थप्पी उतरवत गेले. धोंडबानं म्हणे दोनदा सांगून पाहिलं. तिसऱ्यांदा गोदामपालानं त्याला ऐकवलं, तुमच्या अशा नखऱ्यांपायी तुमचं गोदाम बंद पडलं. मग धोंडबा आत शिरला आणि पोतं पाठीवर घेतलं. भर दुपारी उरलेली थप्पी एकदम बसली. वळायला तिथं जागा नव्हती. बाकीच्यांना हातपाय मोडलेले का होईना, जिवंत बाहेर काढलं. धोंडबा सगळ्यांत खाली होता.

त्यानंतर मात्र वरच्या कचेरीनं अपघाताचा रकाना मंजूर केला. साहेबांनी पुन्हा हिशेब मांडला आणि तो घेऊन माझ्याकडे आले. वसमतला पुन्हा एकच आला होता. मला वाटलं संगणक बिघडला. साहेब म्हणाले, “नाही, बरोबर आहे. ज्यात आपण कमी, त्याला वजन द्यायचं नाही, ही सूट मीच तर ठेवली होती. वसमतनं अपघाताला काहीच वजन दिलं नाही. आणि हजेरीवर एक माणूसही कमी झाला होता, म्हणजे चारा आणखी कमी.”  ज्या न्यायीपणावर मी भाळलो होतो, तो असा समोर येऊन बसला. मला धोंडबाचं रडू तोवर आलं नव्हतं. ते तेव्हा आलं.

साहेबांना त्याच्या घरी जायचं होतं, पण एकट्यानं धीर होईना. मी घेऊन गेलो. अंगणात एका बाजूला शेळ्या बांधलेल्या. धोंडबाच्या बायकोनं पोतं अंथरलं. साहेब त्यावर बसले नाहीत. खाली मातीत बसले. मी म्हटलं, “वहिनी, हे आमचे साहेब.” तिनं पदर सावरून त्यांच्याकडे नीट पाहिलं.

“एकवाले व्हय?” ती म्हणाली. “लई नाव काढायचे तुमचं.”

साहेबांनी हात जोडले आणि आपली चूक सांगायला लागले. रकाने, वजनं, वसमतची थप्पी, सगळं. तिला त्यातलं काय कळलं असेल कोण जाणे. तिनं ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मधे एकदा सुटलेलं करडू धरून बांधलं आणि पुन्हा येऊन बसली.

“तुमी न्हाई मारलं त्याह्यला,” ती म्हणाली. “पन त्या दिशी सकाळी जाताना हसून गेल्ते बघा. म्हनले, आता वसमतच्या टोळीत हाव, आता आमाला बी एक हाय.”

 साहेब मला न सांगता उठले आणि गाडीकडे न जाता पायवाटेनं फाट्याच्या दिशेनं चालू लागले. मी हाक मारली, पण त्यांनी वळून पाहिलं नाही. त्या आठवड्यात त्यांनी नोकरी सोडली. पुढे ते कुठं गेले, मला कळलं नाही. वसमतचं गोदाम मात्र चालूच होतं, आणि दर वर्षी त्याला एक मिळत होता.